दूधभात

स्टूल पडलं. माझ्या डोळ्यांदेखत पडलं. लाल प्लास्टिकचं, शाळेच्या कँटीनमधलं स्टूल, तेच त्यांचे स्टम्प; चेंडू सरळ त्याच्या पायावर येऊन बसला, स्टूल कोलमडलं, आणि एकही पोरगं ओरडलं नाही. एवढंच झालं. सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना डॉक्टरांकडे दाखवून आणायला मी अर्धी रजा टाकली होती, आणि घरात शिरायच्या आधी सहज पॅसेजच्या कठड्याशी थांबले. आमची चाळ पाडून हा टॉवर उभा राहिला, बाकी काय गेलं ते गेलं, पण सहाव्या मजल्यावरून शाळेचं मैदान अजून पूर्ण दिसतं. बॅट अपूर्वाच्या हातात होती. माझी अपूर्वा, सातवीतली, दोन वेण्या, स्कर्टखाली पीटीची निळी पँट. कीपर पोराने स्टूल उचलून सरळ केलं, चेंडू बॉलरकडे टाकला, आणि ही परत बॅट टेकवून उभी. मला वाटलं नो-बॉल असेल. पुढचा चेंडू आला. एवढा हळू की मीसुद्धा मारला असता. हिने बॅट हलवलीच नाही. स्टूल परत पडलं, परत कुणी हूं की चूं केलं नाही. लालबागमध्ये अशी शांतता? इथे गल्लीत टेनिस बॉलची मॅच असली तरी रस्त्यावरून जाणारा टॅक्सीवाला काच खाली करून अंपायरला शिव्या घालून जातो. विकेट पडल्यावर तोंड मिटून उभी राहिलेली पोरं मी जन्मात बघितली नव्हती.

"आई, नो-बॉल होता का हो?" मी विचारलं. सासूबाई पॅसेजमधल्या त्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या, डोळ्यांवर डॉक्टरांचा काळा चष्मा, मांडीवर नॅपकिन. त्यांचं नाव सुंदराबाई. सगळी जिंदगी भायखळ्याच्या बाजारात भाजी विकली, त्यामुळे आवाज हळू कसा करतात हे त्यांना माहीतच नाही. "कसला नोबाल," त्या म्हणाल्या, "तिला आऊट नाय देत आता. कधीपास्नं नाय देत. तुझं ते मैदान झालं ना सगळ्यांचं, तवापास्नं." माझं मैदान. त्या मुद्दाम तसं म्हणाल्या. सुनेला टोचायची संधी बाईने आयुष्यात सोडली नाही, ती काय डोळ्यांवर काळा चष्मा होता म्हणून सोडणार? तेवढ्यात खाली घंटा झाली. पोरं वर्गाकडे पळाली. अपूर्वा पळाली नाही. बॅट स्टोअररूमच्या शिपायाकडे देऊन चालत गेली, ऑफिस सुटल्यावर मी स्टेशनकडे चालत जाते तशी.

आता हे मैदान माझं कसं ते सांगते, कारण खरोखर मीच मिळवलं होतं. जूनमध्ये पालक-शिक्षक संघाची मीटिंग होती. मी लवकर पोचले तर मधली सुट्टी चालू. सगळ्या मैदानभर मुलगे, एकाच वेळी क्रिकेटच्या तीन-तीन मॅची, आणि मुली पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसून डबा खात होत्या. बॉल त्यांच्या अंगावर आला की डोकी खाली, मग एकीने उठून तो फेकून द्यायचा, आणि पोरं थँक यूसुद्धा म्हणत नव्हती. अपूर्वाही त्या पायऱ्यांवरच कुठेतरी असेल असं मी धरून चालले. माझं डोकंच फिरलं. मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि बोलले. तोंडवळकर मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, गोड हसून म्हणाल्या, "सकपाळताई, मुलींना आवडतं हो तिथे बसायला. सावली असते." मी म्हटलं, "मॅडम, सावली आवडते म्हणून नाही बसत त्या. बाकीचं ऊन पोरांनी घेतलंय म्हणून बसतात." टाळ्या पडल्या. बायांनीच वाजवल्या, पण अशा वाजवल्या की मॅडमचं हसू क्षणभर कुठेतरी हरवलं आणि मग दुप्पट होऊन परत आलं. वारा कुठून येतो ते त्या बाईला बरोबर कळतं. महिन्याभरात एक संस्था आली, भिंतींना रंग लागला, 'मैदान सगळ्यांचं' असं जांभळ्या अक्षरात लिहिलं गेलं, आणि नियम झाला: प्रत्येक टीममध्ये निम्म्या मुली, नाहीतर स्टोअररूममधून बॅट मिळणार नाही. माझा फोटो पेपरात आला. अजितने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तो होते नव्हते त्या सगळ्या ग्रुपवर टाकला. त्या दिवशी अपूर्वा तेवढी तोंड पाडून बसली होती. "तुला कुणी सांगितलं होतं?" म्हणाली. "मी खेळत होते ना." मी हसले. "काय खेळत होतीस, टाकीच्या पायरीवर बसून?" असं म्हटलं आणि अजितही हसला, आणि ती उठून आत गेली.

त्या दुपारी सासूबाईंनी मला सगळं सांगितलं. भात वाढेपर्यंत थांबल्या, मग एकेक घास आणि एकेक गोष्ट. अपूर्वा टाकीच्या पायरीवर कधी बसलीच नव्हती. पाचवीपासून ती पोरांत होती, एकटी. आधी नुसती बॉल आणून द्यायची, गटारात गेलेलासुद्धा. मग एकदा कुणी आजारी होता म्हणून उभी केली, तर हिने कॅच घेतला, आणि तिथून जी घुसली ती निघाली नाही. "तिकडचा तो वैभव हाय ना, चौथ्या माळ्यावरचा, त्याच्याशी रोज मारामारी. आऊट हाय, नाय, आऊट हाय, नाय. तो हिला शिव्या द्यायचा, ही त्याला. काय शिव्या गो! आमच्या बाजारात कोण देणार नाय. मला दिसत नव्हतं तरी मी हितं बसून समदं ऐकायची. कोण बाटिंग करतंय, कोण आऊट, समदं. हिचा आवाज सगळ्यांच्या वर." घास गिळून म्हणाल्या, "आता डोळा आला तर आवाज गेला." मी म्हटलं, "आई, तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणाल्या, "तू शिव्या देऊ दिल्या असत्या काय?" मी भांडी उचलली. नसत्या देऊ दिल्या. मी शाळेत गेले असते, त्या वैभवच्या आईला लिफ्टमध्ये गाठलं असतं, पोरीला कराटेच्या क्लासला घातलं असतं. माझ्या मुलीची एक जागा होती. दोन वर्षं धक्के खाऊन, गटारात हात घालून मिळवलेली. घरात ती एका आंधळ्या म्हातारीला माहीत होती आणि मला नव्हती, आणि मी मीटिंगमध्ये उभं राहून त्याच जागेवर भाषण ठोकलं होतं. मला स्वतःचा राग यायला हवा होता. आला तो सासूबाईंचा.

संध्याकाळी मी अपूर्वाला सरळ विचारलं. ती गृहपाठ करत होती, म्हणजे पेनाचं टोपण चावत होती. "तुला आऊट का देत नाहीत?" तिने वर बघितलं नाही. "मुलींना नसतो." "नसतो म्हणजे?" "नसतो म्हणजे नसतो, मम्मी. आम्ही सगळ्या दूधभात आहोत." मला वाटलं हा शब्द आता गेला असेल. आजकालची पोरं कच्चा लिंबू म्हणतात ना, की तेही म्हणत नाहीत? पण नाही, शब्द जसाच्या तसा होता. दूधभात म्हणजे ज्याला खेळात घेतात पण धरत नाहीत. कुणाचा लहान भाऊ मागे लागला, कुणाच्या आईने दम दिला की घ्या रे त्याला, तर त्याला घ्यायचं. त्याला बॅटिंग द्यायची, तो आऊट झाला तरी आऊट नाही, त्याने रन काढले तरी मोजायचे नाहीत, त्याने कॅच घेतला तर हसून टाळ्या वाजवायच्या. त्या बिचाऱ्याला वाटतं आपण खेळतोय. बाकी सगळ्यांना माहीत असतं. "आकांक्षाला आवडतं," अपूर्वा म्हणाली, "ती म्हणते मस्त आहे, कितीपण वेळ बॅटिंग मिळते. मला नाही आवडत. मी काल सिक्स मारला, टाकीच्या वरून. कुणी बॉल आणायलापण नाही गेलं. वैभव म्हणाला, राहू दे, दुसरा बॉल घ्या." मग म्हणाली, "तो आता मला शिव्यापण देत नाही. अपूर्वा, तुझी बारी, असं म्हणतो. असं बोलतो जसं मी पाहुणी आहे." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले तर तिने डोकं बाजूला घेतलं. भांडली असती तर मला चाललं असतं. ती फक्त सरकली आणि गणित सोडवायला लागली.

मला दूधभात कुणी शिकवायची गरज नाही. परळला आमच्या चाळीच्या आणि पलीकडच्या चाळीच्या मधे एक पट्टी होती, मोरीच्या पाण्याने कायम ओली, तिथे पोरं खेळायची. पलीकडची चाळ कोकणातल्या मंडळींची, आमची चाळ आमच्या लोकांची. कोण का वेगळं ते तिथल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं आणि कुणी बोलायचं नाही. बॅट माझ्या भावाची होती म्हणून तो खेळात, आणि तो होता म्हणून मी, शेपूट. मला बॅटिंग मिळायची. मी आऊट व्हायचे, कुणी काही म्हणायचं नाही, आणि मी खुश. मला वाटायचं मी फार भारी खेळते. मग एकदा बुधाजी म्हणून पलीकडचा एक धटिंगण होता, त्याने मला बोल्ड केलं आणि रोजच्यासारखं गप्प बसण्याऐवजी बोंबलला, "आऊट! ए, चल फूट!" त्या दिवशी कोण तरी कमी होतं, मॅच अटीतटीची होती, माझी विकेट त्यांना खरोखर हवी होती. मी रडत घरी आले. बाबा, कोंडीराम त्यांचं नाव, पहिल्या पाळीवरून येऊन पाय धूत होते. काय झालं म्हणाले. आऊट झाले म्हटलं. त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "मग रडतेस कशाला? आता खेळात आलीस. जा, फिल्डिंग कर." एवढंच. ते काही शहाणपण सांगायला बसणारे गृहस्थ नव्हते, भूक लागली होती त्यांना. पण मी डोळे पुसून गेले आणि अंधार पडेपर्यंत त्या ओल्या पट्टीत बॉलमागे धावले, आणि तेवढं सुख मला पुढे नोकरी लागल्यावरही झालं नाही.

नोकरीचं सांगायचं तर मी फोर्टमध्ये एका विमा कंपनीत मॅनेजर आहे आणि प्रत्येक समितीवर आहे. खरेदी समिती, तक्रार समिती, सण-समारंभ समिती. एक बाई हवी असते आणि एक आमच्यातलं माणूस हवं असतं, माझ्यात त्यांचं दोन्ही एका खुर्चीत भागतं. मीटिंग संपत आली की साहेब मान वळवून विचारतात, "मॅडम, तुमचं काय मत?" तेव्हा चहाचे कप गोळा होत असतात. मी मत देते. छान, छान म्हणतात. सुरुवातीला मी भांडले, तर सगळे इतके समजून घ्यायला लागले की माझा आवाज चढला तर एसी वाढवायचे. मी चूक केली तर कुणी ओरडत नाही. शेजारच्या पाटणकरला त्याच चुकीसाठी सगळ्यांसमोर झापतात, आणि मग संध्याकाळी त्याच पाटणकरच्या खांद्यावर हात टाकून खाली चहाला नेतात. मला नेत नाहीत. मला कुणी वाईट बोलत नाही हो, एक शब्द नाही. अशा वेळी काय करायचं ते मी शिकले: हसायचं आणि खुर्ची सोडायची नाही. खुर्ची सोडली तर म्हणणार, बघा, दिली होती, टिकली नाही. घराचे हप्ते, सासूबाईंचे डोळे, पोरीची फी सगळं त्या खुर्चीवर चाललंय, तेव्हा कुणी मला स्वाभिमान शिकवू नये.

वैभव मला लिफ्टमध्ये भेटला. रघु म्हणून चौथ्या मजल्यावर राहतात, त्यांचा मुलगा. ओठावर नुकती लव आलेली, हातात दुधाची पिशवी. मी म्हटलं, "काय रे, अपूर्वाला आऊट का देत नाही तुम्ही?" पोरगा गोंधळला नाही. अगदी सभ्यपणे म्हणाला, "काकी, मॅडमनी सांगितलंय. आकांक्षा एकदा आऊट झाली तर रडली, तिचे पप्पा शाळेत आले, मग आमची बॅट बंद केली. मॅडम म्हणाल्या, मुलींना प्रोत्साहन द्या." मी म्हटलं, "अपूर्वा रडते का?" "नाही काकी. ती एक नंबर खेळते." "मग तिला द्या ना आऊट." तो म्हणाला, "एकीला द्यायचा आणि बाकीच्यांना नाही, असं कसं चालेल? समान पाहिजे ना सगळ्यांना." चिडवत नव्हता तो. खरंच समजावून सांगत होता मला. चौथा मजला आला, दार उघडलं, आणि बाहेर पडताना तो म्हणाला, "आणि काकी, ती तुमची मुलगी. आम्हाला भीती वाटते." लिफ्ट वर निघाली. आरशात मी होते, आणि माझा चेहरा मला तेव्हा अजिबात बघवला नाही.

मी तोंडवळकर मॅडमना फोन करणारच होते, पण त्यांचाच आला. शनिवारी पाहुणे येणार होते. संस्थेचे लोक, पालिकेच्या शिक्षण खात्यातले कुणी, शाळेचे ट्रस्टी. मैदान बघणार, मुलामुलींची मॅच बघणार, आणि मी दोन शब्द बोलायचे. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते सकपाळताई, ट्रस्टींच्या डोक्यात दुसरंच आहे. मैदानाला जाळी लावून टर्फ करायचं, तासावर भाड्याने द्यायचं. हा कार्यक्रम चांगला झाला तर ते गप्प बसतील. नाहीतर मुलीही नाहीत आणि मुलगेही नाहीत, कळलं ना?" कळलं. मी म्हटलं, "मॅडम, एक होतं, मुलींना आऊट द्यायला हवं." त्या म्हणाल्या, "देऊ की! एकदा हे होऊ दे, मग सगळं देऊ." छान, छान. फोन ठेवला तेव्हा अपूर्वा दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. आठवड्यात पहिल्यांदा आपणहून माझ्याजवळ येऊन बसली. "मम्मी, शनिवारी मला खरं खेळायचंय. सगळ्यांसमोर. तू वैभवला सांग जोरात टाकायला, आणि मी आऊट झाले तर आऊट दे म्हणावं. तू सांगितलंस तर तो ऐकेल. एकदाच. मग मी काही मागणार नाही तुझ्याकडे." तिचे कान लाल झाले होते. हट्ट करताना तिचे कान लाल होतात, तान्ही होती तेव्हापासून. मी म्हटलं, "सांगते." तिने माझ्या दंडावर डोकं टेकलं. शुक्रवारी वैभव मला गेटवर दिसला, सायकल पुसत होता. मी त्याच्या अंगावरून पुढे गेले. विसरले नव्हते. मनात एकच चाललं होतं, पोरीला सगळ्यांसमोर आऊट केलं आणि ती भांडायला लागली तर? तिने ती बाजारातसुद्धा कोण देत नाही तसली शिवी दिली तर, शिक्षण खात्याच्या माणसासमोर? आधी मैदान राहू दे. पोरगी काय, घरातलीच आहे.

शनिवारी मांडव नव्हता, पण मांडवाखालच्या सगळ्या खुर्च्या होत्या. मी पहिल्या रांगेत, गळ्यात शाल, मांडीवर नारळ. वर बघितलं तर सहाव्या मजल्यावर सासूबाईंचा काळा चष्मा. मॅच सुरू झाली. आकांक्षा आधी आली, खूप वेळ खेळली, दर वेळी स्टूल पडलं की पाहुण्यांकडे बघून लाजली, आणि पाहुणे खुश. मग अपूर्वा. ती चालत आली, तिने आपली आपण खेळपट्टी ठोकून बघितली, फिल्डिंग कुठे आहे ते मान वळवून बघितलं, आणि मग माझ्याकडे बघून जराशी हसली. तिला वाटत होतं मी सांगितलंय. वैभव धावत आला नाही. दोन पावलं टाकून त्याने खालून हाताने चेंडू सोडला. तिने सोडून दिला, म्हणाली, "जोरात टाक." त्याने मॅडमकडे बघितलं. परत तसाच. "जोरात टाक ना रे!" तिचा आवाज चढला. तो आवाज, सगळ्यांच्या वरचा, मी पहिल्यांदा ऐकला. काय आवाज आहे माझ्या पोरीचा! वैभव खाली मान घालून म्हणाला, "खेळ ना, कशाला उगाच?" आणि तिसराही तसाच टाकला. अपूर्वाने तो चेंडू बघितलासुद्धा नाही. ती वळली, माझ्याकडे एकदा बघितलं, आता हसत नव्हती, आणि बॅट उलटी धरून तिने ते लाल स्टूल असं हाणलं की ते उडून टाकीपाशी जाऊन पडलं. "आऊट!" ती ओरडली. "मी आऊट आहे! आऊट!" आणि बॅट टाकून चालायला लागली.

ट्रस्टी शेजारच्याच्या कानाशी वाकले. शिक्षण खात्याच्या साहेबांनी भुवया वर केल्या. तोंडवळकर मॅडमनी माइकचा ताबा घेतला, आणि हसत हसत, काय सफाईने म्हणाल्या, "अगं, अगं! नाही बाळा! आमच्या मैदानावर मुली आऊट होतच नाहीत!" हशा पिकला, टाळ्या पडल्या, साहेबांच्या भुवया खाली आल्या. अपूर्वा थांबली नाही. तेव्हा मॅडमनी माइक माझ्या हातात दिला. "आईच सांगतील आता," म्हणाल्या, आणि सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. अपूर्वाही थांबली. लाल कान, खाली गेलेला एक मोजा, आणि अशी बघत होती की तिला या जगात माझ्याशिवाय कुणी नाही. वरून, लांबून, एक चिरका आवाज आला: "आऊट हाय ती! अगो, आऊट हाय!" सासूबाई. टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही, मला गेलं. एकच शब्द होता. तो म्हटला असता तर ती खेळात आली असती, एवढं मला त्या मैदानावर बसलेल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. मी उभी राहिले. शाल घसरत होती ती सावरली. माझा आवाज अगदी बरोबर लागला, मीटिंगमध्ये लागतो तसा, मऊ आणि स्वच्छ.

"अपूर्वा," मी म्हटलं, "तू आऊट नाहीस. जा, खेळ."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल, किंवा ती शिवी देईल, आणि खरं सांगते, दे, दे एकदाची, असं मी मनात म्हणत होते. तिने दिली नाही. कान हळूहळू नेहमीच्या रंगाचे झाले. ती वळली, टाकीपाशी गेली, स्टूल उचलून आणलं, स्वतःच्या हाताने जागेवर ठेवलं, नीट ठेवलं, आणि बॅट घेऊन उभी राहिली. वैभवने खालून हाताने चेंडू टाकला. तिने बॅट हलवली नाही. स्टूल पडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कीपरने स्टूल उभं केलं आणि अपूर्वा पाहुण्यांकडे बघून हसली. ते हसू मी तिला शिकवलं नव्हतं. पण मी ते लगेच ओळखलं, समित्यांच्या सगळ्या फोटोंत माझ्या तोंडावर तेच असतं. ट्रस्टी माझ्याकडे वाकून म्हणाले, "गोड मुलगी आहे हो तुमची," आणि मी थँक यू म्हटलं.